माणूस ओळखायचा तरी कसा? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

या वेळी पत्रं आणि मेल जरा जास्तच आलेत. विषय वेगवेगळे आहेत पण निम्म्या पत्रांत फिरून फिरून तेच विचारलंय, की अमुक माणूस "मुळात" कसा आहे, किंवा मी "मुळात" कशी आहे. या मुळात शब्दाचा मला थोडा कंटाळा आलाय हे आधीच सांगून टाकते, का ते पुढे कळेलच. सगळ्यांना उत्तर देणं जमलेलं नाही, काही पत्रं कापून छोटी केलीयेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, कॉलेजपासूनचा मित्र, आता योगायोगाने एकाच टीममध्ये आहोत. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये साहेबांनी एका चुकीचं खापर माझ्यावर फोडलं. चूक माझी नव्हती आणि हे त्याला पूर्ण माहीत होतं. तो समोर बसून लॅपटॉपमध्ये बघत राहिला, एक शब्द बोलला नाही. इतकी वर्षं मी या माणसाला ओळखलंच नाही का? तो मुळात असाच होता का? (वय ४३)

तुमचा राग समजतो मला, आणि तो चुकीचा आहे असं अजिबात म्हणणार नाही. पण तुम्ही एका मीटिंगवरून मागची सगळी वर्षं रद्द करायला निघालात, तिथे जरा थांबा.

१९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी त्यांनी घेतले. म्हणजे बघा, परोपकार हाच ज्यांचा अभ्यासक्रम, अशी मुलं. त्यांना सांगितलं की शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचंय, आणि त्यातल्या काहींचा विषय तर बायबलमधली ती रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या वाटसरूची गोष्ट हाच होता. मधल्या वाटेवर एक माणूस दारात मुद्दाम बसवला होता, मान खाली, खोकतोय, कण्हतोय. ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे सावकाश जा, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना सांगितलं की अरे तुला उशीर झालाय पळ, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कुठला आहे याने म्हणावा असा फरक पडला नाही, आणि कोण किती आणि कसा धार्मिक आहे यावरून कोण थांबेल हेही सांगता येईना. घाईतले काहीजण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून पुढे गेले, कशावर बोलायला? तर वाटेत पडलेल्याला मदत करण्यावर.

आता यावरून ती मुलं ढोंगी होती असं म्हणता येईल, सोप्पंय ते. पण घाईत पुढे गेलेल्यांपैकी बरेचजण तिकडे पोचल्यावर अस्वस्थ होते असंही त्याच संशोधकांनी नोंदवलंय. म्हणजे दिसलं होतं, टोचलंही होतं, आणि तरी पाय थांबले नाहीत.

तुमच्या मित्राला घाई नव्हती, भीती होती, ती वेगळी गोष्ट आहे हे मान्य. त्यासाठी दुसरा प्रयोग आठवतो, मिलग्रॅमचा, बऱ्याच जणांनी ऐकलेला असेल. येल विद्यापीठात, १९६१ मध्ये सुरू झालेला. शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला थोडा वाढवत न्यायचा, आणि करड्या कोटातला एक शास्त्रज्ञ शांतपणे "पुढे चालू ठेवा" म्हणत राहणार. झटके खोटे होते पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा सगळे सांगतात. त्याच मालिकेतला दुसरा आकडा मात्र फार कमी लोक सांगतात, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. एका प्रकारात झटके देणाऱ्यासोबत आणखी दोघे बसवले होते, आतून सामील असलेले, आणि ठरल्याप्रमाणे ते दोघे मध्येच म्हणाले की आम्ही नाही करणार हे. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. माणसं त्याच शहरातली, तशीच साधी नोकरीधंदा करणारी, फक्त शेजारी कुणीतरी नाही म्हणालं होतं.

मीटिंगमध्ये तुमच्या मित्राच्या शेजारी कुणी नाही म्हणालं का? नाही ना.

पण म्हणून तो सुटला असं मी म्हणत नाहीये हां. परिस्थितीने माणूस का गप्प बसला ते कळतं, गप्प बसणं बरोबर होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या दहा मिनिटांपेक्षा नंतरच्या दहा दिवसांकडे बघा. मीटिंगमध्ये भीती होती, साहेब समोर होते, सगळं अचानक झालं, ठीक. संध्याकाळी कुठे साहेब होते? त्याने फोन केला का? दुसऱ्या दिवशी दोघंच असताना विषय काढला का? साहेबांना एकट्याने भेटून किंवा मेल करून खरं काय ते सांगायचा मार्ग त्याला नंतरही मोकळा होता, तो त्याने वापरला का? दबाव गेल्यावर माणूस काय करतो यावर मी तरी जास्त विश्वास ठेवते. पत्रात यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मला वाटतं की तुम्ही दोघं बोललेलाच नाहीत. बोला. "तू मुळात असा आहेस" अशी सुरुवात नको, त्यावर कुणीही भांडणारच. "त्या दिवशी तू गप्प का बसलास, मला फार लागलं ते" एवढं विचारा आणि मग तुम्हीही गप्प बसा, त्याला बोलू द्या. उत्तरात तो साहेबांना, टीमला, नशिबाला सगळ्यांना दोष देतो आणि स्वतःबद्दल काहीच बोलत नाही असं झालं तर मग तुमची शंका खरी आहे असं समजा. पण तेव्हासुद्धा निकाल मीटिंगवरून लावू नका, या बोलण्यावरून लावा.

प्रश्न : स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं आहे का? मी ५२ वर्षांचा, प्रचंड तापट. घरातले कंटाळलेत. मीही कंटाळलोय. आता या वयात काय बदलणार?

आधी मला एक सांगा, साहेबांवर तापता का तुम्ही? किंवा पोलिसाने गाडी अडवली तर त्याच्यावर? नसणार. म्हणजे राग आवरायची कला तुम्हाला येते, चांगली येते, फक्त ती तुम्ही बाहेर वापरून संपवता आणि घरी रिकामे येता. थोडं कडू वाटेल पण यात तुमच्यासाठी चांगली बातमी आहे, कारण शून्यापासून काही शिकायचं नाहीये.

वयाचं म्हणाल तर, २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांचा. काहींना विचारलं की मागच्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, आणि बाकीच्यांना, की पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल. सगळ्या वयाचे लोक साधारण एकच म्हणाले, की मागे खूप बदललो, पण आता जो काय आहे तो आहे, पुढे फारसा बदलणार नाही. विशीतली मुलंही तसंच म्हणाली आणि पन्नाशीतले लोकही! आणि प्रत्येक वयोगटाचा अंदाज त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या लोकांच्या अनुभवाशी ताडून बघितला तर तो कमीच भरला. तेव्हा "आता या वयात" हे जे तुम्ही लिहिलंय ते तुम्ही बत्तिसाव्या वर्षीही म्हणाला असाल बहुतेक.

करायचं काय? सेनेका नावाचा रोमन विचारवंत होऊन गेला, त्याने रागावर एक अख्खा ग्रंथ लिहिलाय आणि त्यात रागावरचा सगळ्यात मोठा उपाय सांगितलाय तो म्हणजे उशीर. क्षमा नाही, ध्यान नाही, नुसता उशीर. राग सोडून द्या असं तो पहिल्या झटक्यात मागतच नाही, फक्त थांबा म्हणतो, कारण थांबलेला राग विचार करायला लागतो. घरात याचा अर्थ साधा आहे, उत्तर द्यायच्या आधी खोलीतून बाहेर जायचं, आणि हे घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर तुम्ही मध्येच उठून गेलात की त्यांना वाटेल आता नवीनच काहीतरी सुरू झालं.

आणि दुसरं, बेंजामिन फ्रँकलिनसारखी वही ठेवा. त्या माणसाने तरुणपणी १३ गुणांची यादी केली होती, दर आठवड्याला एका गुणावर लक्ष द्यायचं, रोज रात्री चुकलं तिथे काळा ठिपका काढायचा, १३ आठवडे झाले की पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे वर्षात बरोबर चार फेऱ्या. त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की वाटलं होतं त्यापेक्षा माझ्यात कितीतरी जास्त दोष निघाले, पण ते हळूहळू कमी होताना बघून समाधान वाटलं. (नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही, हे वाचून मला बरं वाटलं होतं.) तुम्हाला १३ ची गरज नाही, एकच पुरे. फक्त ठिपक्यासोबत वेळही लिहा, किती वाजता भडकलात आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. दोनेक महिन्यांत दिसेल की तुमचा "स्वभाव" ठरावीक वेळेलाच येतो. बऱ्याच जणांचा कामावरून आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात येतो. मग तो अर्धा तास बदलायचा, अख्खा स्वभाव कशाला.

रागात हात उचलला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील, तर मात्र वही वगैरे सोडा, सरळ समुपदेशकाकडे जा. या आठवड्यात.

प्रश्न : जगावं कसं हे एका वाक्यात सांगा.

नाही हो जमत. ज्यांना जमतं त्यांच्यापासून जरा लांब राहा असंही सुचवेन.

प्रश्न : माझा एक अत्यंत आवडता कलाकार. त्याच्याबद्दल आता ज्या गोष्टी बाहेर आल्यात त्या वाचून किळस आली. त्याचं काम मी पुन्हा बघू शकत नाहीये, पण ते काम खोटं होतं असंही म्हणवत नाही. नवरा म्हणतो कला वेगळी आणि कलाकार वेगळा. मला पटत नाही.

मलाही पटत नाही. म्हणजे वाक्य ऐकायला छान आहे पण माणूस काय कोट काढून ठेवतो का, की आता कलाकार झालो, आता परत माणूस.

काराव्हाज्जिओ या इटालियन चित्रकाराचं उदाहरण घ्या. १६०६ मध्ये रोममध्ये मारामारीत त्याने एकाला ठार केलं, त्यानंतर पळत पळतच उरलेलं आयुष्य गेलं, १६१० मध्ये मेला, वय ३८. या पळापळीच्या चार वर्षांत त्याने जे रंगवलं त्यातली काही त्याची सगळ्यात थोर चित्रं आहेत. माल्टामधलं एक प्रचंड मोठं चित्र आहे, संत जॉनचा शिरच्छेद, त्यात जमिनीवर रक्त सांडलंय आणि त्या रंगवलेल्या रक्तातच त्याने आपलं नाव लिहिलंय. सही केलेलं त्याचं तेवढं एकच चित्र. आता सांगा, इथे कला वेगळी आणि माणूस वेगळा कसा करणार? ज्या हातांनी खून केला त्यांनीच ते रंगवलंय, आणि बघणाऱ्याला ते कळतं. चित्र त्यामुळे छोटं होत नाही, आणि मेलेला माणूसही परत येत नाही.

माझा अनुभव असा की आपण कलाकाराकडून काम मागतो आणि सोबत फुकटात एक आदर्श माणूसही मिळेल असं धरून चालतो. कुणी कबूल केलेलं असतं का तसं? रूसो या तत्त्वज्ञाने शिक्षणावर जगप्रसिद्ध पुस्तक लिहिलं, १७६२ मध्ये, मुलांना कसं वाढवावं यावर, आणि स्वतःची पाचही मुलं अनाथाश्रमात देऊन टाकली होती, हे त्याने स्वतःच कबूल केलंय. वर ज्याचा सल्ला मी तापट गृहस्थांना दिला तो सेनेका, साधेपणाचे गोडवे गाणारा, नीरो बादशहाच्या दरबारात प्रचंड श्रीमंत झालेला. त्याचा रागाबद्दलचा सल्ला तरीही लागू पडतो. सल्ला चांगला असण्यासाठी देणारा चांगला असावाच लागतो असं असतं तर जगात सल्ले फारच कमी उरले असते, आणि हे सदर तर कधीच बंद झालं असतं.

पण जिवंत कलाकाराची गोष्ट वेगळी आहे, इथे मी तुमच्या बाजूची आहे. काराव्हाज्जिओचं चित्र बघून आज कुणाला बळ मिळत नाही. जिवंत माणसाचं तिकीट काढलं, त्याला टाळ्या दिल्या, की त्यातून त्याला पैसा आणि वजन दोन्ही मिळतं, आणि बऱ्याचदा याच वजनाखाली ज्यांना त्रास झाला ते दबलेले असतात. तेव्हा न बघणं हा तुमचा निर्णय योग्य आहे. फक्त आधी जे आवडलं होतं ते आवडलंच नव्हतं असं स्वतःला सांगू नका. त्या कामाने तुम्हाला जे दिलं ते तुमचं झालंय, त्यात तुमचंही बरंच काही होतं, ते त्याला परत करायची गरज नाही. आणि नवऱ्याशी यावर भांडू नका, त्याला तो कलाकार तुमच्याइतका कधी आवडलाच नसेल, म्हणून त्याला वेगळं करणं सोपं जातंय.

प्रश्न : ताई मी १९ ची आहे, चित्रं काढते, घरात कुणालाच माहीत नाही. ऑनलाइन टाकायची इच्छा होते पण सगळे हसतील असं वाटतं. आणि टाकल्यावर लाइक नाही आले तर?? मैत्रीण म्हणते पोस्ट केल्याशिवाय आर्टिस्ट होत नाही कुणी.

अगं, सगळे म्हणजे कोण? एक गंमत सांगते. २००० साली गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध झाले. एकेकाला एक लाज वाटेल असा टीशर्ट घालायला दिला, त्या वेळच्या तरुणांच्या दृष्टीने अगदी आउटडेटेड अशा एका गायकाचा भलामोठा फोटो असलेला, आणि इतर काही मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी बघितला असेल टीशर्ट? त्यांना वाटलं साधारण निम्म्या लोकांनी. खरोखर लक्षात आला होता तो साधारण पाव लोकांच्या. लोक आपल्याकडे बघत नसतात गं, तेही आपापला टीशर्ट झाकण्यात बिझी असतात. तुझ्या चित्राला हसायला कुणीतरी आधी ते नीट बघायला तर हवं, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त मोठी अडचण असते, लोक बघतच नाहीत, पुढे सरकवतात. त्याची तयारी ठेव.

आता लाइकचं. १९७३ चा अजून एक प्रयोग (त्या वर्षी मानसशास्त्रवाले फारच जोरात होते बहुतेक), लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर छान रिबिनीचं सर्टिफिकेट मिळेल. काहींना नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं त्या पेनांशी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ खेळत होती. बक्षिसाने नुकसान झालं नाही, कारण अचानक मिळालेल्यांना काही झालं नाही. "हे मिळेल म्हणून हे कर" या हिशोबाने झालं. म्हणून मी म्हणेन, टाक ना चित्रं, पण टाकण्यासाठी काढू नकोस. काढून झालं, वाळलं, आठवडाभर तुझ्याजवळ राहिलं, मग वाटलं तर टाक. काही चित्रं अशी असू देत की जी कधीच टाकायची नाहीत.

मैत्रिणीला सांग की एमिली डिकिन्सनने जवळपास १८०० कविता लिहिल्या आणि तिच्या हयातीत छापल्या गेल्या त्या दहाच्या आसपास. १८८६ मध्ये ती गेल्यावर बहिणीला खोलीत हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या. पण हे ऐकून तू एकदम कपाटात बंदच होऊ नकोस, कारण तीही पूर्ण लपून लिहीत नव्हती, पत्रांतून कविता पाठवायची, मैत्रीण आणि वहिनी असलेल्या सूझनला तर कितीतरी. एक वाचणारं माणूस तिला होतं. तुझ्या घरात कुणालाच माहीत नाही हे मला लाइकपेक्षा जास्त खटकलं. मैत्रिणीला दाखवलीस का सगळी? तिथून सुरुवात कर.

प्रश्न : माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीचं फार चांगलं चाललंय आणि मला तिचा हेवा वाटतो. लाज वाटते सांगायला. मी मुळातच कोत्या मनाची आहे का?

आलं परत मुळात! नाही हो. हेवा जवळच्याचाच वाटतो, अरिस्टॉटलने हे अडीच हजार वर्षांच्या आसपास आधी लिहून ठेवलंय की आपण आपल्याच वयाच्या, आपल्याच जागेच्या, आपल्याच धंद्यातल्या माणसांचा हेवा करतो, आणि त्याच्याही आधीच्या एका कवीचा दाखला दिलाय की कुंभार कुंभारावर जळतो. अब्जाधीशाचा तुम्हाला हेवा वाटत नाही, मैत्रिणीचा वाटतो, कारण "हे माझंही होऊ शकलं असतं" हे फक्त तिच्याच बाबतीत खरं वाटतं.

मनात येणं तुमच्या हातात नाही. मला जास्त इंटरेस्ट आहे तो तुम्ही त्यापुढे काय केलंत यात. तिची चांगली बातमी दुसऱ्या कुणाला सांगताना शेवटी एक "पण" जोडला का? तिच्या उपयोगाची माहिती कळली तेव्हा ती द्यायला उशीर केला का? तिचा फोन मुद्दाम चुकवला का? यातलं काही केलं नसेल तर तुमच्या कोतेपणाचा पुरावा मला तरी कुठे दिसत नाही. केलं असेल तर ते बंद करता येतं, मन साफ होईपर्यंत थांबायची गरज नाही. आणि तिचं जे चांगलं चाललंय ते ती कसं करते, किती वाजता उठते, कशावर पाणी सोडलंय, हे तिलाच एकदा विचारा. बऱ्याचदा पूर्ण हिशोब ऐकल्यावर आपल्याला कळतं की फळ हवंय पण तिचा रोजचा दिनक्रम नकोय.

प्रश्न : वाचन, कविता, गाणं हे सगळं एकेकाळी जीव की प्राण होतं. कामात वीस वर्षं गेली. आता वेळ आहे तर काहीच आत जात नाही. पुस्तक उघडतो, मिटतो. बायको म्हणते तुम्ही मशीन झालात.

तुमच्या बायकोने नकळत चार्ल्स डार्विनचाच शब्द वापरलाय. १८७६ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याने घरच्यांसाठी आठवणी लिहायला घेतल्या, त्यात तो सांगतो की तिशीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे मला कवितेत फार आनंद मिळायचा, चित्रं आवडायची, संगीत आवडायचं, आणि आता कवितेची एक ओळ सहन होत नाही, शेक्सपिअर वाचायला घेतला तर इतका कंटाळवाणा वाटला की मळमळलं. माझं मन म्हणजे ढीगभर माहितीतून नियम दळून काढणारं एक मशीन झालंय असं तो म्हणतो. ज्याच्या कामाने जग बदललं तो माणूस हे लिहितोय, आणि त्याला याचं वाईट वाटतंय, या आवडी जाणं म्हणजे आनंद जाणं आहे असं त्याचं म्हणणं.

त्याने उपायही लिहिलाय, स्वतःसाठी उशीर झाल्यावर. पुन्हा आयुष्य जगायला मिळालं तर आठवड्यातून निदान एकदा थोडी कविता वाचायची आणि थोडं संगीत ऐकायचं असा नियम करेन. बघा हां, रोज नाही, तासन्‌तास नाही. आठवड्यातून एकदा, थोडं.

तुमचं चुकतंय ते बहुतेक इथे, की तुम्ही वीस वर्षांपूर्वीच्या माणसासारखं वाचायला बसताय, एकदम जाड पुस्तक, एकदम पूर्वीइतकी तंद्री, आणि ती पाच मिनिटांत लागली नाही की संपलं सगळं असा निष्कर्ष. आवड ही सवयीच्या मागून येते. तेव्हा पुस्तक नको, एक कविता, तीही पूर्वी पाठ असलेली. आणि मोठ्याने. बायकोला ऐकवा, तिची तक्रार होती ना. पहिले काही आठवडे काहीही वाटणार नाही, ते चालेल, काही वाटावं ही अटच घालू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा एवढी मात्र अट घाला.

सगळ्याच गोष्टीतला रस गेला असेल, झोप, भूक, माणसं, सगळंच, तर तो विषय कवितेचा नाही, डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : ४६ व्या वर्षी चित्रकला शिकायला सुरुवात करणं म्हणजे वेडेपणा का?

जपानी चित्रकार होकुसाईची ती जगप्रसिद्ध लाट, जी हल्ली मगवर आणि मोबाइल कव्हरवर सगळीकडे दिसते, ती त्याने सत्तरीच्या आसपास केली. नंतर त्याने लिहिलं की सत्तरीच्या आधी मी जे काढलं त्यात दखल घेण्यासारखं काही नाही. अर्थात तो लहानपणापासून काढत होता, त्यामुळे हे उदाहरण देऊन मी तुम्हाला थोडं फसवतेय. पण तुम्हाला होकुसाई व्हायचंय का? चित्रं काढायचीयेत ना? मग काढा की.

प्रश्न : मित्राने कादंबरी लिहिलीय. मला वाचायला दिली. वाईट आहे. खरं सांगू की मैत्री सांभाळू? तो रोज विचारतोय "झाली का वाचून?"

आधी त्याला विचारा की छापायला देऊन झालीये का. देऊन झाली असेल तर दुरुस्तीचा काही उपयोग नाही, त्यात जे खरोखर आवडलं असेल, एखादा प्रसंग, एखादं पात्र, तेवढं नेमकं सांगा आणि थांबा, खोटं काही बोलू नका आणि "एकदम मस्त" तर नकोच, लिहिणाऱ्याला त्यातलं खोटं लगेच कळतं.

दिलेली नसेल तर मात्र सांगायलाच हवं, नाहीतर तेच त्याला अनोळखी लोकांकडून ऐकावं लागेल. पण "वाईट आहे" हे मत झालं, त्याने तो काय करणार? तुम्ही वाचक आहात, समीक्षक नाही, तर वाचक म्हणून काय झालं ते सांगा. कुठे कंटाळा आला, कुठे दोन पात्रांमध्ये गोंधळ झाला, कुठे पुस्तक खाली ठेवलं आणि पुन्हा उचलायला किती दिवस लागले. यावर वाद होत नाही, कारण ते तुमच्या बाबतीत घडलंय. भेटून सांगा, मेसेजवर नको. एकदम सगळं नको, तीन जागा पुरेत, आणि पानांचे नंबर लिहून न्या, "मधे कुठेतरी रटाळ होते" असं म्हणालात तर तो रात्रभर पहिल्या पानापासून शोधत बसेल.